एक मस्तक, दोन देह

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस काही जुन्या मराठी कागदांच्या निमित्ताने तंजावरला जाण्याचा योग आला. सरस्वती महाल ग्रंथालयातले काम अपेक्षेपेक्षा लवकर आटोपले आणि हाती एक दिवस उरला. तो मी कुंभकोणमला लागून असलेल्या दारासुरम् या गावी घालविला. तेथे माझ्या परिचयाच्या एक वृद्ध बाई राहतात. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या राज्याबरोबर दक्षिणेत आले. १८५५ मध्ये ते राज्य लयास गेले. पण माणसे तेथेच रुजली होती, ती परतली नाहीत. बाईंचे मराठी आपल्या कानांना जुन्या बखरीसारखे लागते आणि मधूनच एखादा तमिळ शब्द त्यात सहज मिसळून जातो. सारी आळी त्यांना 'अक्का' म्हणते. हा शब्द दोन्ही भाषांत चालत असल्याने मीही तोच पत्करला.

अक्कांची नात कुंभकोणमच्या एका महाविद्यालयात शिकते. ऊन उतरल्यावर तीच मला ऐरावतेश्वराचे देऊळ दाखवावयास घेऊन गेली. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधविलेले हे देऊळ २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. घोडे जुंपलेल्या रथासारखा घडविलेला दगडी मंडप पाहून प्रवासी थबकतात आणि छायाचित्रे बहुधा तेथेच काढली जातात. मुलीने मात्र मला एका लहानशा शिल्पापुढे नेऊन उभे केले. एक बैल आणि एक हत्ती परस्परांना भिडलेले आहेत. परंतु दोघांत मिळून मस्तक एकच. तिने एका बाजूच्या देहावर तळहात ठेवला, तेव्हा हत्ती दिसू लागला. मग तिने हात दुसऱ्या बाजूस नेला, आणि त्याच मस्तकाचा बैल झाला. मी कौतुकाने पाहत राहिले.

"मावशी, आमच्या वर्गातल्या एका मुलीचे असेच केले," ती हात न उचलताच म्हणाली.

मुलीचा चेहरा खरा, देह भलत्याच कोणाचा. ते चित्र दोन दिवसांत साऱ्या वर्गाच्या मोबाइलवर फिरले. त्यानंतर मुलगी महाविद्यालयात आलेली नाही. घरच्यांनी तिचा मोबाइल काढून घेतला आणि तिच्यासाठी स्थळे पाहावयास आरंभ केला. चित्र कोणी बनविले याची चौकशी कोणीच केली नाही. ज्याने ते बनविले असावे असा सर्वांना संशय आहे, तो वर्गात नियमित येतो.

शिल्पकाराने जे केले ते उघड उघड, सर्वांदेखत आणि पाहणाराला गंमत वाटावी म्हणून. आपण फसवीत आहोत हे तो लपवीत नाही. किंबहुना ते दाखविण्यासाठीच त्याने छिन्नी चालविली. मोबाइलवरील चित्राचा सारा जोर नेमका त्याच्या उलट असतो: पाहणाराला जोड कळू नये. पूर्वी असे चित्र बनविण्यास थोडेफार कसब लागे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे तेही लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदाना या अभिनेत्रीची एक चित्रफीत देशभर पसरली. चेहरा तिचा होता. देह एका निराळ्याच स्त्रीचा होता, आणि त्या स्त्रीने ती चित्रफीत स्वतःच्या पानावर स्वतःची म्हणूनच ठेवलेली होती. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्रातील एका तरुण अभियंत्यास अटक केली. या अभिनेत्रीच्या नावे आपण चालवीत असलेल्या पानाचे अनुयायी वाढावेत, एवढाच त्याचा हेतू होता असे पोलिसांनी सांगितले. या प्रकरणाची चर्चा बहुतेक अभिनेत्रीच्या बाजूने झाली, ते योग्यच होते. पण जिचे मस्तक उडवून तेथे दुसरे बसविले, त्या स्त्रीचाही अपराध काय होता? अशा प्रत्येक चित्रात दोघी नागविल्या जातात, आणि त्यांपैकी एकीचे नाव आपणास बहुधा कळतही नाही.

नामवंत अभिनेत्रीच्या मागे वकील असतात, वृत्तपत्रे असतात. सामान्य घरातील मुलीचे काय होते, हे तामिळनाडूनेच एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. कावेरीला मेट्टूरचे धरण ज्या सेलम जिल्ह्यात अडविते, त्या जिल्ह्यात २०१६ च्या जून महिन्यात एका पदवीधर तरुणीचे बनावट चित्र फेसबुकवर आले. कुटुंबाने पोलिसांकडे तक्रार केली. चित्र काढून टाकण्यास आणि तपासास वेळ लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. मध्यंतरी दुसरे चित्र आले. तक्रारीला आठवडाही उलटला नव्हता, तोच त्या मुलीने आपले जीवन संपविले. तिने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत आपण कोणालाही छायाचित्र पाठविलेले नाही असे शपथेवर लिहिले होते, आणि आपल्या माणसांनीच आपणावर विश्वास ठेवला नाही याचे दुःख व्यक्त केले होते. पुढे आरोपी सापडला. जिल्ह्याच्या पोलिस अधीक्षकांनी कुटुंबाची क्षमा मागितली. तपासासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून एक पोलिस कर्मचारी निलंबित झाला.

शोकाकुल आईबापांना दोष देण्यासाठी ही हकीकत मी येथे सांगितलेली नाही. अशा प्रसंगी घाबरून आपणही मुलीला प्रथम हेच विचारले असते: "तू कोणाला फोटो दिला होतास का?" प्रश्न साधा दिसतो. पण तो विचारला जातो त्या क्षणी घरातील न्यायासनापुढे उभी असते ती मुलगी; चित्र बनविणारा तेथे नसतोच. आणि समजा, तिने खरोखरच कोणाला विश्वासाने एखादे छायाचित्र दिले होते. तरी ते चव्हाट्यावर मांडण्याचा परवाना त्यात कोठे आला? शेजाऱ्याने विश्वासाने ठेवावयास दिलेले दागिने कोणी विकले, तर आपण शेजाऱ्याला दोषी धरीत नाही.

येथे माझ्या व्यवसायातली एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. या मासिकासाठी सरकारी इंग्रजी मजकुराचे मराठी करण्यात माझी बरीच वर्षे गेली. स्त्रीविषयक कायद्यांचा मजकूर आला की 'विनयभंग' हा शब्द हटकून लिहावा लागतो. तो रूढ आहे, न्यायालयांत चालतो, त्याला सध्या तरी पर्याय नाही. तरीही प्रत्येक वेळी लेखणी किंचित अडते. विनय मोडला कोणी? ज्याने आगळीक केली त्याने. मग भंगला म्हणावयाचा तो विनय कोणाचा? बोलीतही तेच आहे. चोरी झाली तर आपण चोराला नावे ठेवतो. पण अशा प्रसंगी 'तिची अब्रू गेली' म्हणतो, जणू काही ती तिनेच कोठेतरी सांडली. भाषा सहजासहजी बदलत नाही हे मी जाणते. निदान घरात, मुलीच्या समोर, हे शब्द गिळता येतील.

रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर हाच विषय निघाला. अक्कांनी प्रथम देवळाच्या नावामागील कथा सांगितली. दुर्वास ऋषींच्या शापाने ऐरावताचा शुभ्र वर्ण गेला आणि या स्थानी आराधना केल्यावर तो त्याला परत मिळाला. नात पटकन म्हणाली, "पण आजी, ऐरावताने ऋषींचा हार तुडविला तरी होता. हिने काय तुडविले?" अक्का काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे विचारले, तेच बहुतेक वाचकांच्या मनात असणार: "तक्रार करावयास गेलो तर मुलीचे नाव गावभर व्हावयाचे नाही का? आणि इतके करून त्या लोकांना शिक्षा होते तरी का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते अक्कांच्याच राज्यातले आहे आणि त्यात आपल्या मुंबईचाही संबंध येतो. २००४ च्या फेब्रुवारीत चेन्नईच्या एका घटस्फोटित महिलेने पोलिसांत फिर्याद दिली. कोणी तरी तिच्या नावाने खोटे खाते उघडून याहूच्या चर्चागटांत तिच्याविषयी घाणेरडा मजकूर टाकला होता आणि सोबत तिचा दूरध्वनी क्रमांकही दिला होता. परिणामी परक्या पुरुषांचे फोन तिला येऊ लागले. पोलिसांनी माग काढला तो थेट मुंबईपर्यंत. करणारा परका नव्हता. कुटुंबाच्या ओळखीचाच होता आणि तिने विवाहास नकार दिल्याचा राग त्याने असा काढला होता. सायबर कॅफे चालविणाऱ्यांच्या साक्षी झाल्या, संगणकावरील पुरावा रीतसर प्रमाणित करून न्यायालयापुढे ठेवण्यात आला. नोव्हेंबर २००४ मध्ये, म्हणजे फिर्यादीनंतर वर्षही उलटले नसताना, चेन्नईतील एग्मोर येथील न्यायालयाने त्याला दोषी ठरवून दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ व्या कलमाखाली देशात दोषसिद्धी झालेला हा पहिला खटला मानला जातो.

सगळेच खटले इतक्या त्वरेने निकालात निघत नाहीत. पोल्लाचीचे प्रकरण २०१९ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले. मुलींशी ओळख वाढवून, अत्याचार करून, त्याच्या चित्रफितींचा धाक दाखवून त्यांना लुबाडणारी ती टोळी होती. एका महाविद्यालयीन मुलीने धैर्याने तोंड उघडले म्हणून ती सापडली. निकाल लागावयास १३ मे २०२५ उजाडला. कोइमतूरच्या महिला न्यायालयाने नऊ जणांना मरेपर्यंत कारावासाची शिक्षा दिली आणि पीडित स्त्रियांना एकूण ८५ लक्ष रुपयांची भरपाई देवविली. सहा वर्षे ही काही थोडी नव्हेत. परंतु इतक्या अवधीत त्या स्त्रिया आपल्या साक्षीपासून ढळल्या नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आता अक्कांचा पहिला प्रश्न. त्यांची भीती निराधार आहे असे मी त्यांना सांगू शकले नाही. पोल्लाचीच्याच प्रकरणात तक्रार करणाऱ्या मुलीची ओळख पोलिसांकडून आणि सरकारी आदेशातूनच उघड झाली होती. त्याबद्दल तिला २५ लक्ष रुपये भरपाई द्यावी, असे मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठास राज्य सरकारला सांगावे लागले. जुलै २०२५ मध्ये त्याच उच्च न्यायालयापुढे एका महिला वकिलाचे प्रकरण आले. तिच्या खाजगी चित्रफिती अनेक संकेतस्थळांवर पसरल्या होत्या. एका ठिकाणाहून काढाव्यात तो दुसऱ्या ठिकाणी उगवाव्यात. न्यायालयाने ४८ तासांत त्या काढण्याची व्यवस्था करण्याचा आदेश केंद्राच्या मंत्रालयाला दिला, तपासात पोलिसांनी तिला दिलेल्या वागणुकीवर ताशेरे ओढले आणि कागदपत्रांतून तिचे नाव वगळावयास लावले. म्हणजे चुका होतात; परंतु त्या चुका आहेत असे म्हणणारे आणि त्यांची किंमत वसूल करणारेही आता आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस मंत्रालयाने अशा तक्रारींसाठी एक निश्चित कार्यपद्धती प्रसिद्ध केली. तामिळनाडूनेही जानेवारी २०२५ मध्ये स्त्रियांच्या छळास प्रतिबंध करणारा आपला १९९८ चा कायदा सुधारून इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून होणारा छळ त्याच्या कक्षेत आणला. तो मूळचा कायदा चेन्नईच्या रस्त्यावर छेडछाडीत एका विद्यार्थिनीचा बळी गेल्यानंतर झाला होता. रस्त्यावरून मोबाइलपर्यंत यावयास कायद्याला पंचवीसाहून अधिक वर्षे लागली. असो.

तर मग प्रसंग आलाच तर काय करावे? अक्कांनी कागद-पेन्सिल पुढे केली. त्यांना मी जे लिहून दिले तेच येथे थोडे विस्ताराने देते.

पहिली घाई होते ती सारे पुसून टाकण्याची. ती मुळीच करू नये. ज्या पानावर चित्र किंवा मजकूर दिसतो त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा; त्यात खात्याचे नाव, दिनांक आणि वेळ दिसली पाहिजे. पानाची लिंक निराळी उतरवून ठेवावी, कारण केवळ चित्रावरून माग लागत नाही. धमकीचे संदेश जसेच्या तसे राहू द्यावेत. पैशांची मागणी असेल तर एक पैही देऊ नये. एकदा दिले की मागणी वाढते, असाच सर्वत्र अनुभव आहे. आणि 'हे पाहिलेस का' म्हणून ते चित्र नातेवाइकांना पाठविण्याचा मूर्खपणा तर घरातल्या कोणीही करू नये. मुलीचा मोबाइल काढून घेणे हेही अशातलेच. त्यात पुरावा असतो, आणि अशा दिवसांत धीर देणाऱ्या मैत्रिणीही त्यातच असतात. वडिलांना वाटते आपण संरक्षण केले. मुलीला वाटते आपणास शिक्षा झाली. दोघांपैकी खरे मुलीचेच असते.

त्यानंतर ज्या कंपनीच्या व्यासपीठावर चित्र आले तिच्याकडे तक्रार नोंदवावी. ती स्वतः मुलीने किंवा तिच्या वतीने अन्य कोणीही केली तरी चालते. नग्नता दाखविणारी अथवा बनावट रूप दिलेली चित्रे तक्रार आल्यावर २४ तासांत हटविण्याचे बंधन २०२१ च्या केंद्रीय नियमांनीच कंपन्यांवर घातले होते. पोलिसांकडील तक्रारीसाठी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे केंद्र सरकारचे संकेतस्थळ आहे. स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची वर्दी तेथे नाव न सांगताही देता येते. मात्र तपास पुढे सरकावा अशी इच्छा असेल तर नाव द्यावेच लागते. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे, स्त्रियांच्या साहाय्यासाठी १८१, आणि तातडीच्या संकटात ११२. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर पोलिस ठाण्याने देता कामा नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात तो नोंदवून घ्यावा लागतो.

खाजगी चित्र पसरविण्याची नुसती धमकी आली असेल, तर 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक आंतरराष्ट्रीय सोय आहे. तिची रीत मोठी कुतूहलाची आहे. चित्र आपल्या मोबाइलवरून कोठेही जात नाही. त्याचा केवळ एक सांकेतिक ठसा तयार होतो, बोटाच्या ठशासारखा. योजनेत सामील असलेल्या कंपन्या आपल्याकडे येणारी चित्रे त्या ठशाशी ताडून पाहतात आणि जुळल्यास ती अडवितात. ही सोय अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे. त्याहून लहान मुलांमुलींसाठी 'टेक इट डाउन' ही तशीच निराळी सेवा आहे. ज्या संकेतस्थळांनी यात भाग घेतलेला नाही त्यांच्यावर हिचे काही चालत नाही, आणि चित्रात पुरेसा फेरफार केला तर ठसाही बदलतो. तरीही घरबसल्या पाच-दहा मिनिटांत करता येण्याजोगे हे काम आहे.

मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, बोलणे टाकून बसली असेल, तर तिला एकटे ठेवू नये. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीतही बोलता येते. तक्रारीचे काम उद्या झाले तरी चालेल, हे आजच झाले पाहिजे.

इतके लिहून झाल्यावर अक्का म्हणाल्या, "हे सगळे मुलींच्या घरांसाठी झाले. मुलांच्या घरांसाठी काय लिहिलेस?" त्यांचा हा टोला मला लागला, कारण आमच्या मासिकातही आम्ही नेहमी मुलींनाच सावध करीत असतो. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने एक प्रकरण हाती घेतले. शंभराच्या आसपास मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या नकळत घेऊन त्यांचा खोटा 'लिलाव' एका ॲपवर मांडण्यात आला होता. प्रारंभीच्या अटकांत कोणी सराईत गुंड नव्हते. अठरा ते एकवीस वर्षांची, शिकणारी मुले होती. त्यांत एक मुलगीही होती. आपला मुलगा मोबाइलवर कशाला हसतो आहे, हे त्यांच्या घरांपैकी कोणी विचारले असेल का? दारासुरम्‌च्या त्या वर्गातही चित्र बनविणारा एकच असेल. ते पुढे पाठविणारे मात्र पन्नास होते, आणि त्या प्रत्येकाच्या घरी कोणी तरी वडील माणूस होते. असे चित्र पुढे धाडणे हाही कायद्याने गुन्हाच आहे, हे त्यांतल्या किती जणांना कोणी सांगितले असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी होती. मी निघेपर्यंत नातीने रात्रीचा तो कागद तमिळमध्ये स्वच्छ उतरून घेतला होता. तो घडी घालून ती मैत्रिणीकडे जावयास निघाली. अक्का उंबऱ्यापाशी तिच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी आत जाऊन लुगडे बदलले, काठी घेतली आणि चपला पायांत सरकवीत म्हणाल्या, "थांब गं. तुला दारातून परत पाठवतील. मी येते बरोबर, मला कोण परत पाठवतो ते पाहू."